बिनटॅक्सचं गाव

आमच्या जालन्यात प्राप्तिकर खातं वरातीनं येतं. ऑगस्ट २०२२ मध्ये इथल्या स्टील कारखानदारांवर छापे पडले, तेव्हा अधिकाऱ्यांच्या गाड्यांवर ‘राहुल वेड्स अंजली’ असे स्टिकर होते. शहरात एवढ्या गाड्या शिरल्या, पण कुणाला काही पत्ता लागला नाही. लग्नाच्या गाडीला आमच्याकडे कुणी अडवत नाही, उलट बाजूला होऊन वाट देतात. छप्पन्न कोटींच्या वर रोकड सापडली, ती मोजायला तेरा तास लागले, बत्तीस किलो सोनं निघालं, असं सगळं पेपरांत छापून आलं. ‘जालना सोने का पालना’ हे लहानपणापासून ऐकत होतो. पाळण्याचं वजन त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. आमच्या आजीला मात्र या प्रकरणात एकच गोष्ट खटकली. ‘‘श्रावणात कुणाचं लगीन ऱ्हातं का रे?’’ ती म्हणाली. ‘‘तिथंच वळखायला पायजे व्हतं.’’

माझ्यावर या खात्यानं कधी एक स्टिकरसुद्धा खर्च केला नाही. गरजच पडली नाही. मी पुण्यात, हिंजवडीला, सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझा कर पगार खात्यावर पडायच्या आधीच कापून गेलेला असतो. मला फक्त तो किती गेला हे कळवतात. तीस लाखांच्या पगारावर, नव्या करप्रणालीत, पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट जाऊन, उपकरासह ४,७५,८०० रुपये. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. गावाकडे पगाराचा आकडा आपण सांगावा लागत नाही, तो फिरत फिरत दुप्पट होऊनच घरी पोचतो. कराचा आकडा मात्र सांगूनही कुणाला खरा वाटत नाही. ‘‘आसं कसं कापतेत? आपून काही बोलायचं नाही का?’’ असं तात्या, म्हणजे माझे वडील, दर वर्षी विचारतात.

तर यंदा मी बोलायचं ठरवलं. म्हणजे निघून जायचं ठरवलं. जिथं कर कमी, तिथं नोकरी.

ऑफिसात चहाच्या वेळी प्रत्येक जण करसल्लागार असतो. त्यातल्या एकानं गुरुग्राम सुचवलं. प्राप्तिकर देशभर सारखाच, पण हरियाणात व्यवसाय कर नाही, आपल्याकडे आहे. पगाराच्या स्लिपवर तो ‘पी. टी.’ म्हणून दिसतो : महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. ज्या महिन्यात दिवस कमी त्याच महिन्यात कर जास्त, हे गणित मला बरीच वर्षं उमगत नव्हतं. मग कळलं, की या करात वर्षाला अडीच हजारांच्या वर घ्यायचं नाही अशी घटनेतच मर्यादा आहे. सरकारनं ती मर्यादा शेवटच्या रुपयापर्यंत पाळायचं ठरवलं. अकरा महिने दोनशे, झाले बावीसशे. राहिलेले तीनशे मार्च उजाडायच्या आत. थोडक्यात, गुरुग्रामला बिऱ्हाड हलवून माझे वर्षाचे अडीच हजार वाचणार होते. जालन्याहून सचखंड एक्स्प्रेसनं बायको-पोरांसह दिल्लीची एक खेप केली, की ती बचत मनमाड सोडायच्या आत संपते.

पण या दोनशे रुपयांची कूळकथा मी वाचली, आणि सुट्टीत घरी गेल्यावर ओसरीवर सांगायची दुर्बुद्धी झाली. महाराष्ट्रात हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठी. बहात्तरच्या दुष्काळानंतर विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली योजना चालवायला पैसा हवा होता. शहरातल्या पगारदारांकडून थोडा थोडा घ्यायचा, तेवढीच भर सरकारनं घालायची, आणि गावाकडे हाताला काम द्यायचं. पुढं त्याचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. आमच्या अंबड तालुक्यातले कितीतरी रस्ते, नाल्याचे बांध, पाझर तलाव त्यातूनच झालेले. आजीनं बहात्तरला रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि पुढं हमीच्या कामावरही बरीच वर्षं टोपली उचलली. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं.

‘‘म्हंजी माझ्या हजेरीचे पैशे म्हमईच्या सायबाच्या पगारातून यायचे?’’

‘‘हो.’’

‘‘आन् आता तुझ्या पगारातून जातेत?’’

‘‘हो. महिन्याला दोनशे.’’

‘‘मंग लईच स्वस्तात सुटलास की रं. दोनशात आता खुरपायला बाई बी येत नाही.’’

गुरुग्राम तिथंच बारगळलं.

मग दुबई आली. तिथल्या एका कंपनीनं मला विचारलं होतं. पगार रुपयांत मोजला तर जवळपास आत्ताइतकाच, पण त्यावर कर शून्य. हा शून्य मी घरी सांगितला तेव्हा मला वाटलं होतं, सगळे खूश होतील. आई खूश झाली, कारण तिला दुबई म्हणजे सोनं एवढंच ठाऊक. तात्यांनी तंबाखू मळता मळता हात थांबवला.

‘‘टॅक्स नाही? मंग त्यांचं भागतं कशावर?’’

मी सांगितलं. २०१८ पासून बहुतेक वस्तूंवर पाच टक्के व्हॅट आहे. गाडी काढली, की रस्त्यावरच्या सालिक नावाच्या कमानी आपोआप टोल कापून घेतात. घरभाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यावे लागतात. त्या वार्षिक भाड्याच्या पाच टक्के गृहशुल्क महिन्यामहिन्यानं लाइट-पाण्याच्या बिलात येतं. व्हिसाची फी, ओळखपत्राची फी, फी भरल्याच्या दाखल्याचीही कुठं कुठं फी.

‘‘म्हंजी टॅक्स नाही,’’ तात्या म्हणाले, ‘‘नुसते पैशे घेतेत.’’

तात्यांनी आयुष्यभर खतं-बियाण्यांच्या दुकानात उधारी केलेली आहे. त्यांना हे समजायला चार्टर्ड अकाउंटंट लागत नाही. पण त्यांचा खरा प्रश्न पुढं होता.

‘‘नळाला पाणी किती दिवसाआड येतं तिथं?’’

‘‘रोज. चोवीस तास.’’

‘‘नदी कोणती?’’

‘‘नदी नाही, तात्या. समुद्राचं पाणी गोडं करतात.’’

यावर तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. जालना शहराला निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव आहे, वरून जायकवाडीची पाइपलाइन आहे, गावातून कुंडलिका वाहते. आणि नळाची पाळी माझी बहीण दिवसांत नाही, आठवड्यांत मोजते. ‘‘मंग आपून टॅक्स भरतो कशाचा?’’ तात्यांनी शेवटी विचारलं. मी म्हटलं, ‘‘आपण कुठं? मी भरतो.’’ ते त्यांना आवडलं नाही.

माझ्या सीएंनी त्यात आणखी एक पाचर मारली. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्याचा मुक्काम त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांचा भरला, तर तो इथलाच निवासी. मग तिथला पगारही इथं करपात्र. एक एप्रिलपासून बोटं मोजत गेलं, की २८ सप्टेंबरला देश सोडायला हवा. आईनं लगेच भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. गौरी-गणपती झाल्याशिवाय जायचं नाही, हे तर बोलायचीही गरज नव्हती. त्याच्या पाठोपाठ पित्रं. ‘‘पित्रात कुणी घर सोडतं का? दसऱ्याला नीघ. मुहूर्त बी बघावा लागत नाही.’’ दसऱ्याला निघालो असतो तर सीमोल्लंघन यथासांग झालं असतं, फक्त प्राप्तिकर खात्याच्या लेखी मी ते वर्षभर वेशीच्या आतच.

‘‘आन् मग वर्षातून किती दिवस येता येईन तुला घरी?’’ आईनं विचारलं.

मी कायदा सांगितला. इथलं उत्पन्न पंधरा लाखांच्या आत असलं तर एकशे एक्याऐंशी दिवस येऊन राहिलं तरी चालतं.

आई कॅलेंडर हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. पुण्याहून मी दिवाळीचे चार दिवस येतो आणि त्यातले दोन लॅपटॉपपुढं बसतो. ‘‘जाय रे बाबा तू दुबईला,’’ ती म्हणाली.

बायकोचं मत मी इथं विस्तारानं देत नाही. तिनं दुबईतल्या शाळांच्या फीचा एक तक्ता मला पाठवला, खाली एक शब्दही न लिहिता.

या सगळ्या चर्चेत माझा चुलतभाऊ, दादा, दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याचं शिक्षण बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रातल्या शिबिरांत आणि बांधावर झालेलं. तो म्हणाला, ‘‘तुला टॅक्स नसलेलं गावच पायजे ना? मग इतक्या दूर काहून जातू? इथं ये की. शेतीच्या उत्पन्नाला रुपयाचा टॅक्स नाही.’’

आणि ते खरंच आहे. प्राप्तिकर कायद्यानं शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. व्हिसा नको, चेक नको, १८२ दिवसांची भानगड नको. मी ज्या करमुक्त प्रदेशाच्या शोधात वाळवंटापर्यंत पोचलो होतो, त्यात माझे आई-वडील, चुलते, भाऊ आणि अख्खी भावकी जन्मापासून राहत होती, आणि त्यातल्या एकाच्याही चेहऱ्यावर करबचतीचं तेज मला कधी दिसलं नव्हतं.

दादानं मला बागेत नेऊन हिशोब समजावला. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि मोसंबीला आमच्याकडे दोन बहार, आंबे आणि मृग. बहार धरायचा तर आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा. ताण बसल्याशिवाय झाड फुलत नाही. (हे आमच्या मॅनेजरला कुणी सांगितलं असावं, याचा मी अजून तपास करतो आहे.) फूल आलं की पाऊस. पाऊस नसेल तर ऊन. त्यातून फळ धरलं की फळगळ. दादानं झाडाखालची पिवळी पडलेली फळं पायानंच माझ्याकडे ढकलली आणि म्हणाला, ‘‘हे बघ, हे कापून गेलेलं.’’ २०१२-१३ च्या दुष्काळात त्यानं टँकरनं बाग जगवली होती, शेजारच्यानं वाळलेली झाडं तोडून सरपणाला लावली. उरलेला माल व्यापारी घेतो, आणि वजन करताना टनामागे काही किलो सूट म्हणून आधीच वजा करतो. मी म्हटलं, ‘‘दादा, हा तर टीडीएस झाला.’’

‘‘ते तुझ्याकडं वापस भेटतं म्हणतेत ना?’’

‘‘जास्त कापला असला तर भेटतो.’’

‘‘हे नाही भेटत.’’

शिवाय फॉर्म सोळाही नाही.

मी हिशोबवहीत त्याचं वर्षाचं निव्वळ उत्पन्न बघितलं. नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर भरावा लागत नाही. दादाचा आकडा इतका खाली होता, की शेतीवर कर लावला असता तरी खात्याला त्याच्याकडे यायला वरातीचा खर्च परवडला नसता.

रात्री जेवताना तात्यांनी पुन्हा दुबई काढली. मला वाटलं, आता नाही म्हणतील. ते म्हणाले, ‘‘तिथं मोसंबी काय भावानं जाते?’’

मी फोनवर तिथल्या एका दुकानाचं ॲप उघडलं. मोसंबी सापडली नाही, संत्री सापडली. किलोचा भाव दिरहममध्ये. तात्यांनी रुपये करून मागितले, मग टनाचे करून मागितले, मग दादाला बोलावून घेतलं. ‘‘कुठली हाय ही?’’

‘‘इजिप्तची.’’

‘‘इजिप्तात पाऊस पडतो का?’’

‘‘फारसा नाही. नाईल नदीवर धरण आहे.’’

‘‘किती टक्के भरलंय?’’

आमच्याकडे जायकवाडीचे टक्के लहान पोरालाही पाठ असतात. त्यामुळे इतक्या मोठ्या धरणाचे टक्के इंजिनिअर झालेल्या मुलाला माहीत नाहीत, हे तात्यांना शिक्षणावरचा सगळा खर्च वाया गेल्यासारखं वाटलं. पण त्यांचा निर्णय झाला होता. दादा खोक्याच्या मापाबद्दल बोलू लागला. मुंबईहून जहाजाला किती दिवस लागतात, साल सुकतं का, हे त्यानं उद्या बदनापूरला विचारायचं ठरवलं. आईनं पित्रांची अट मागे घेतली, कारण आंबे बहाराचा माल त्याच सुमारास तोडणीला येतो.

तेव्हा आता नोकरी कोणती, पगार किती, कर शून्य की तीस टक्के, हे घरात कुणी विचारत नाही. कंपनीचं रुजू होण्याच्या तारखेबद्दलचं तिसरं स्मरणपत्र काल आलं. मी उत्तर लिहायला घेतलं आहे; मोसंबीच्या नमुन्याची दोन खोकी बरोबर आणली तर चालतील का, हा प्रश्न त्यात घालायचा असा तात्यांचा आग्रह आहे, आणि तो वरच्या बाजूला घालावा असं दादाचं म्हणणं आहे.