एका रेघेत हजार किलो

हैदराबादच्या काचीगुड्यात परवा यंत्रशास्त्राने मोठी मजल मारली. स्टेशनच्या मागच्या गल्लीतलं एक जुनं घर ‘डेव्हलपमेंट’ला गेलं आणि त्या जागी पाच मजले उठताहेत. वरच्या स्लॅबच्या काठावर विटा-रेती ओढायला मिनी क्रेन बसवली आहे. तिच्या पाटीवर कारखान्यातून आलेला मजकूर होता: सुरक्षित भार ५०० किलो. आता तिथे १५०० किलो आहे. मोटर तीच, दोर तोच, हुक तोच, हुकावरचा गंजसुद्धा तोच. पाचशेच्या आधी लाल ऑइलपेंटने एक उभी रेघ ओढली आहे, एवढंच. इंग्रजी आकड्यांचा हा फायदा. एक लिहायला रेघ पुरते.

पेंटर नंबरप्लेट रंगवणारा, अक्षरामागे पैसे घेणारा. अख्खा आकडा नव्याने लिहायचा तर चार अक्षरांचे पैसे झाले असते. गुत्तेदाराने व्यवहार पाहिला आणि एका अक्षरात काम उरकलं. परदेशात क्रेनची ताकद तिप्पट करायची म्हटली की नवी मोटर, जाड दोर, मोठा ब्रेक, भक्कम सांगाडा असली उधळपट्टी चालते. आमच्याकडे ब्रश एकदा डब्यात बुडवला, एकदा वरून खाली ओढला, झालं. रंग वाळायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ काम बंद होतं, हेही नमूद केलं पाहिजे. सुरक्षिततेसाठी काम थांबल्याचा या साइटवरचा तो एकमेव प्रसंग.

गुत्तेदाराला कायद्याची चाड नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम २८ लिफ्ट-हॉइस्टचं आणि कलम २९ क्रेन, साखळ्या, दोर यांचं होतं. दोन्हींचं सांगणं एकच होतं: यंत्र किती ओझं सुरक्षितपणे उचलेल ते त्याच्यावर स्पष्ट लिहा आणि त्याहून जास्त लादू नका. बांधकामासाठी १९९६ चा वेगळा कायदा झाला, १९९८ चे केंद्राचे नियम आले, त्यांनीही हाच पाढा म्हटला. आता गुत्तेदाराची तपासणी करा. आकडा स्पष्ट आहे का? चौकातून वाचता येतो. लिहिल्याहून जास्त लादतो का? छे! चौदाशे किलोच्या वर तो एक वीट चढू देत नाही. शंभर किलो तर त्याने सुरक्षिततेसाठी मोकळे सोडले आहेत.

मी विचारलं तेव्हा त्याने मला सिद्धांतही समजावून दिला. ‘‘क्या साब, कंपनीवाले डरपोक रहते. पाँच का माल बनाते, एक लिखते. हम तीन लिखे. फिर भी दो बाकी हैना?’’

हैना! हा हिशेब पूर्ण चुकीचा असता तर बरं झालं असतं. तारेच्या दोराचा सुरक्षित भार धरताना तो ज्या ओझ्याला तुटतो त्याचा साधारण पाचवा हिस्सा धरतात, हे खरंच आहे. पण उरलेले चार हिस्से गुत्तेदाराच्या वाडवडिलांची इस्टेट नव्हे. त्यांचे वारस आधीच ठरलेले असतात. ओझं अडकून एकदम सुटलं की दोराला झटका बसतो, एक वाटा त्याचा. गंजाचा एक. कप्पीवर वाकून वाकून तुटलेल्या तारांचा एक. नियम म्हणतो, दोराच्या व्यासाच्या आठपट लांबीत दहा टक्क्यांहून जास्त तारा तुटलेल्या दिसल्या की तो दोर बाद. या दोरावरून फडकं फिरवलं तर ते हातभर अंतरात तीनदा अडकतं. शिवाय ओझं बांधलेल्या स्लिंगच्या कोनाचा वाटा. एक टन दोन दोरांनी उचललं की माणूस समजतो, दोघांवर अर्धा-अर्धा टन. दोन्ही दोर सरळ उभे असतील तरच ते खरं. ते फाकले आणि आडव्या रेषेशी तीस अंशांवर आले की प्रत्येकावर पुरता एक टन येतो. दोन दोर, ओझं एक टन आणि ताण दोन टन. हे गणित बांधणाऱ्या पोराला कोणी शिकवलेलं नाही. त्याला ‘कसके बाँध’ एवढंच शिकवलंय.

आणि मागची पोती? ही क्रेन पुढे झुकून खाली येऊ नये म्हणून तिच्या शेपटीवर वजन ठेवावं लागतं. इथे सिमेंटची पोती रचली आहेत, पन्नास किलोचं एक. पाटीवर हजार किलो वाढले तेव्हा मागे एकही पोतं वाढलं नाही. उलट स्लॅबला माल कमी पडला की मेस्त्री ओरडतो, ‘‘पीछे से दो थैली ला रे!’’ आणि क्रेन स्लॅबला ज्या वजनाने धरून आहे तेच वजन काँक्रीटमध्ये कालवलं जातं. दुपारपर्यंत शेपूट हलकं होत जातं आणि पुढचं ओझं तेवढंच राहतं. संध्याकाळी ट्रक येतो, पोती परत रचली जातात. मधल्या वेळात क्रेन कशाच्या आधाराने उभी असते? माझ्या मते त्या रेघेच्या.

एवढ्या गुणकारी रेघेचा उपयोग एकाच क्रेनपुरता ठेवणं हा करंटेपणा होईल. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये पाटी आहे: ६ माणसं, ४०८ किलो. म्हणजे माणशी ६८ किलो. देशभर वर्षानुवर्षं हाच हिशेब धरत आले. तो ज्याने ठरवला त्याने काचीगुड्यातल्या लग्नाच्या हॉलमधून, बिर्याणीवर डबल का मीठा चढवून बाहेर पडणारं एकही कुटुंब पाहिलं नसावं. लिफ्टच्या पाटीवर सहाच्या आधी रेघ ओढा, सोळा माणसं एका खेपेत वर. विजेचं बिल निम्म्याच्या खाली. नगरसोलला जाणाऱ्या गाडीचा स्लीपर डबा जुन्या धाटणीचा असेल तर त्यात ७२ बर्थ असतात. १७२ करा, शिर्डीच्या भाविकांची वेटिंग लिस्ट एका डबा पेंटमध्ये निकालात निघेल. १९१६ साली हे स्टेशन बांधणाऱ्यांना दगड घडवत, घुमट उभारत बसावं लागलं, कारण बिचाऱ्यांकडे आमचा पेंटर नव्हता. दहावीला ३५ मिळालेल्या पोराला १३५ द्या, शंभरपैकी. इमारतीला परवानगी ५ मजल्यांची असेल तर... हे वाक्य मी तिथेच गिळलं. गुत्तेदार कान देऊन ऐकत होता.

मग वाटलं, ही रेघ एकदा बँकेत नेऊन बघावी. पाचशे रुपयांचा चेक घ्या, आकड्याच्या आधी एक रेघ ओढा आणि खिडकीत सरकवा. काउंटरवरचा माणूस चष्मा वर करील, चेक उजेडात धरील, आत जाईल, साहेबाला घेऊन येईल. चेक-हुंड्यांचा १८८१ चा कायदा आहे. त्यातल्या ८७ व्या कलमाप्रमाणे असा महत्त्वाचा फेरफार केला की तो कागद रद्द. वर फौजदारी वेगळी. आणि एवढ्यावरही भरवसा नाही म्हणून रक्कम अक्षरी लिहायची, पुढे ‘फक्त’ लिहायचं, उरलेल्या जागेत आडवी रेघ मारायची. हजार रुपये वाचवायला या देशाने एवढा बंदोबस्त केला आहे. हजार किलो माणसांच्या डोक्यावर टांगायला मात्र कोणी उजेडात धरून बघत नाही. तिथे ती रेघ म्हणजे ‘ॲडजस्टमेंट’.

इथे हसू संपतं. त्या क्रेनचं बटण दाबणारा पोरगा पालमूरकडचा, म्हणजे महबूबनगरकडचा आहे. सगळे त्याला अडाणी समजतात. पण आकडे त्याला येतात आणि घात तिथेच आहे. पाटी नसती तर तो अंदाजाने वागला असता. मोटर कण्हायला लागली, दोर कुरकुरला की त्याने हात आखडता घेतला असता. आता वर १५०० लिहिलंय म्हटल्यावर तो मोटरच्या कण्हण्यावर विश्वास ठेवत नाही, पाटीवर ठेवतो. साइटवर कायदा अक्षरशः पाळणारा तो एकटा माणूस, आणि त्यालाच खोटी पाटी लावून फसवलं आहे. पाटी नसणं हा निष्काळजीपणा म्हणता येईल. खोटी पाटी रंगवणं हा ठरवून केलेला गुन्हा आहे. त्याला दुसरं नाव नाही.

तपासणी होते ना, असं विचाराल. होते. १९४८ च्या त्या दोन कलमांप्रमाणे हॉइस्ट दर सहा महिन्यांनी आणि क्रेन दर बारा महिन्यांनी ‘सक्षम व्यक्ती’ने नीट तपासायची असे. या साइटवर सक्षम व्यक्तीची सही मोबाइलवर येते. व्यक्ती येत नाही. सर्टिफिकेट ५०० किलोचं आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून क्रेनच्याच खांबाला बांधलं आहे. कागद पाचशे म्हणतो, वीतभर वर पाटी दीड हजार म्हणते, आणि खाली शेरा आहे ‘समाधानकारक’. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो, आठवडाभर चालतो. तेव्हा याच क्रेनखाली हेल्मेटं वाटली जातील, शपथ होईल, फोटो निघेल. हेल्मेटवर चौदाशे किलो पडले तर काय होतं, ते शपथेत नसतं.

१ ऑगस्ट २०२० ला विशाखापट्टणमला क्रेनची भारचाचणी चालू असताना क्रेन कोसळली, ११ माणसं गेली. बरोबर तीन वर्षांनी, १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे, शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढवणारं यंत्र खाली आलं, २० गेली. त्याच वर्षी १० सप्टेंबरला ठाण्यात उंच इमारतीची बांधकाम-लिफ्ट तुटली, ७ गेली. कारणं निरनिराळी असतील, त्यांच्या चौकश्या होवोत. मेलेल्यांचा आकडा काही ब्रशने पुसता येत नाही. आणि त्यांची किंमत? १९४८ च्या कायद्यात, यंत्रांच्या सुरक्षिततेचा नियम मोडून कोणी मेलं तर दंड किमान पंचवीस हजार रुपये होता. दोर बदलायचा की दंड भरायचा, याचा हिशेब गुत्तेदार उभ्या उभ्या करत आला. तेरा कायदे एकत्र करणाऱ्या २०२० च्या संहितेने तो किमान पाच लाखांवर नेला, चांगलं केलं. पण हा पाच लाखांचा दंड बसायला आधी कोणी तरी मरावं लागतं, ही अट तशीच आहे. रेघ ओढणाऱ्याला रेघ ओढल्याच दिवशी धरायला कोण येणार?

कोणी येत नसेल तर आपण जाऊ या. घर डेव्हलपमेंटला दिलेल्या मंडळींना विशेष विनंती: फ्लॅटच्या टाइल्स आणि बाल्कनीचे फूट मोजून झाले असतील तर एकदा क्रेनपाशी जाऊन पाटी वाचा आणि खांबाला बांधलेलं सर्टिफिकेट मागून घ्या. दोन आकडे जुळले नाहीत तर काम थांबवायला सांगा. जागा तुमची आहे. पाटीवर भार अक्षरी लिहायला लावा, ‘पाचशे किलो फक्त’. आणि कुठल्याही साइटवर एका पाटीवर दोन रंग दिसले तर लहान आकडा खरा धरा, आणि खाली उभ्या असलेल्याला आधी बाजूला ओढा. गुत्तेदाराशी भांडण नंतर करता येतं.