अर्ज करावा तो असा

नोकरीसाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी अर्ज लिहायचा, तर आधी कुणाचा तरी जुना अर्ज मिळवावा. डोंबिवलीत स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे तो कॉम्प्युटरवर तयारच असतो. नाव बदलावे, तारीख बदलावी. कंपनीचे नाव बदलायचे राहून जाते, मग वागळे इस्टेटच्या साहेबांना आपली अंबरनाथच्या कारखान्यावरची निष्ठा कळते. हरकत नाही, निष्ठा दिसल्याशी कारण.

सुरुवात 'वरील विषयास अनुसरून' अशीच. थेट मुद्द्याला हात घालणे उद्धटपणाचे दिसते. मग आपण प्रामाणिक, कष्टाळू व होतकरू आहोत असे लिहावे. पुरावा देऊ नये, वाचणारा तो तपासत बसतो. उणिवांबद्दल तर अवाक्षर नको.

अर्ज कसा नसावा, याचा नमुना कल्याणचाच आहे. 1865 साली जन्मलेल्या आणि तिथे वाढलेल्या आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेत पोचल्या आणि पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी पत्र लिहिले. वय अठरा. प्रवेशाच्या सगळ्या अटींत आपण कदाचित बसणार नाही, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकले! वर म्हणे, आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आले, तो निर्धार लक्षात घ्या. आमच्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी शिकायचे आहे. नमुना अर्जात हे बसवायचे कुठे? तरी प्रवेश मिळाला, आणि 1886 साली त्या एम.डी. झाल्या.

यजमान गोपाळरावही त्यातलेच. नोकरी पोस्टातली होती, पण 1878 साली कोल्हापूरहून वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला लिहिताना एकाच पत्रात दोन मागण्या केल्या: स्वतःला नोकरी, बायकोला शिक्षण. काम झाले नाही. वाइल्डरनी मात्र तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी तो वाचला, आनंदीबाईंना पत्र घातले आणि पुढे त्यांना आपल्याच घरी उतरवून घेतले. असे चुकीच्या हाती पडलेले पत्र आपल्या नियमांत मोजत नाहीत.

शेवटी 'आपला कृपाभिलाषी'. त्याखाली 'सोबत गुणपत्रिका जोडली आहे' असे लिहावे, आणि ती जोडू नये. निदान तेवढी मागायला तरी साहेब उत्तर देतील.