भट्टी एक, मालकिणी बारा

"ऐकलंत का, अक्काची धाकटी पुण्यात पैसे भरून चिखलात हात घालायला जाते म्हणे!"

बिदर जिल्ह्यातल्या आमच्या भालकीत बातमी पसरायला पेपर लागत नाही, कंपाउंडची भिंत पुरते. हे वाक्य मला तिसऱ्या घरातून कळलं, म्हणून मी तिळाचं सूप घेऊन भिंतीपाशीच बसले. संक्रांत तोंडावर होती. पलीकडं अक्का ज्वारी वाळत घालत होत्या. विचारायचीही गरज पडली नाही.

"चिखल काय म्हणतीस गं, माती म्हण. शनिवार-रविवार जाती. आठवडाभर कंपनीत काम्प्युटरसमोर डोळे फोडून घ्यायचे आन् सुट्टीला मडकी करायची. हितं व्हती तवा अंगणात सडा टाक म्हणलं तर हात घाण व्हतेत म्हणायची."

"मग शिकली काय?"

"आधी नुसतं मळायलाच शिकलाली व्हती. कणकीसारखं न्हाई बरं का, वळवून वळवून, आत हवा राहू द्यायची न्हाई. मग गोळा चाकाच्या बरोब्बर मधी बसवायचा. मधी बसला न्हाई तर भांडं उठतच न्हाई, डुलत डुलत जाऊन आडवं व्हतं. कोपर मांडीला टेकवून, श्वास धरून बसायचं म्हणं. सांगता सांगता माझ्यापुढं कोपर टेकवून दाखवलाली."

खरी गंमत मडक्यात नव्हती, ती त्या जागेत होती. जागा एक, चाकं चार, विजेची भट्टी एक आणि येणाऱ्या बाया बारा. कुणी बँकेतली, कुणी दातांची डॉक्टर, एक रिटायर झालेल्या बाई. प्रत्येकीला फळीवर वीतभर जागा, ओलं भांडं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचं, बुडाला आपलं नाव कोरायचं. नाव कोरलं नाही तर दिवाळीपर्यंत 'हा वाडगा कुणाचा' हा तंटा. भट्टीचे पैसे वेगळे, जेवढी जागा अडवाल तेवढे. उरलेली माती फेकायची नाही, सगळ्यांची एकाच बादलीत. ती भिजवून, प्लास्टरच्या लादीवर सुकवून, पुन्हा मळून वापरायची.

"म्हणजे माझी उरलेली माती उद्या तुमच्या कपात?" मी विचारलं.

"व्हय की. आन् झाडू मारायचा न्हाई म्हणं तिथं."

"का हो?"

"कोरड्या मातीची धूळ छातीत बसती. ओल्या फडक्यानंच पुसायचं. जिनं घाण केली तिनंच पुसायचं. पर पुसतंय कोण? डॉक्टरीणबाई रोज घाईनं निघून जाती आन् आमची पुसत बसती. घरात हिनं कधी फडकं धरलं न्हाई, बघ!"

मग अक्कांनी खास बातमी काढली. दिवाळीआधी बँकेतल्या बाईंनी जाडजूड गणपती केला. वाळायला दहा-बारा दिवस लागले असते, पण बाईंना धीर कुठला? वरून कोरडा दिसतोय, घाला आत. भट्टी तापली आणि आतल्या आत फट्! गणपतीचे तुकडे शेजारच्या तिघींच्या भांड्यांत. आमच्या पोरीच्या सहा पणत्यांपैकी चार गेल्या. मग ग्रुपवर जे महाभारत झालं ते अक्कांनी पाठ सांगितलं. एक म्हणाली, मळताना हवेचा बुडबुडा राहिला असेल. दुसरी म्हणाली, मातीच खराब होती. बँकेतल्या बाई म्हणाल्या, भट्टी जास्त जोरात लावली.

"शेवटी शिकवणाऱ्या सरांनी निकाल दिला," अक्का म्हणाल्या. "हवा बिवा काही न्हाई, पाणी! आत ओल राहिली की तिची वाफ व्हती, वाफेला वाट मिळाली न्हाई की फुटतंय. त्या दिसापासनं नियम झाला. भांडं भट्टीत घालायच्या आधी गालाला लावून बघायचं. गार लागलं तर आत ओल हाय, परत फळीवर ठेवायचं. आता बाराच्या बारा बाया भांडी गालाला लावत बसतेत."

हा नियम मला फार आवडला. गालाला मापाचं यंत्र लागत नाही आणि तो खोटंही सांगत नाही.

"आन् तुला सांगते, आमच्या ह्यांच्यासाठी म्हणून चहाचा मोठा मग केला पोरीनं. ओला व्हता तवा तांब्याएवढा. वाळून थोडा बसला, भाजून आणखी बसला. निघाला तवा औषधाच्या मापाएवढा! शेकडा दहा-बारा आटतंय म्हणं. ह्यांनी बघितलं आन् म्हणाले, सर्दीचा काढा प्यायला बरा हाय."

मी म्हटलं, अक्का, पोरीला नावं ठेवू नका, हे खूळ तिच्यापासून सुरू झालेलं नाही. पाँडिचेरीत डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी १९७१ साली गोल्डन ब्रिज पॉटरी काढली. तिथं शिकलेल्यांनी पुढं देशभर स्वतःच्या भट्ट्या लावल्या. आपल्या चंद्रपूरकडं भद्रावतीत कृष्णमूर्ती मिरमिरांनी १९५५ साली ग्रामोदय संघ उभा केला, तोही कुंभारांच्या पोटापाण्यासाठी. आणि लांब कशाला, बेळगावजवळच्या खानापुरात खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था आहेच. आपल्यासारखंच मराठी-कानडी गाव ते.

"खानापूर आपल्याला पुण्याएवढंच लांब," अक्कांनी एका वाक्यात निकाल लावला. "बिदरात एखादं असतं तर मी बी गेले असते."

खरं आहे. बिदरला मातीची कदर किती जुनी! महमूद गवानचा मदरसा १४७२ चा. १६९६ साली दारूच्या स्फोटानं निम्मी इमारत उडाली, तरी उरलेल्या मिनारावर आणि दर्शनी भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या चकाकीच्या फरशा अजून दिसतात. काचरंग द्यायचा आणि भट्टीत घालायचा, पुण्याच्या क्लासात चालतं ते हेच. आणि बिदरी काम तरी काय? जस्त-तांब्याची भांडी, पण काळा रंग येतो तो किल्ल्यातल्या मातीनं. ती माती नवसागराच्या पाण्यात उकळून भांड्यावर चोळली की धातू काळा कुळकुळीत होतो आणि चांदीची तार पांढरीच राहते. एक ओतणारा, एक घासणारा, एक कोरणारा, एक तार ठोकणारा. चार हातांखालून गेल्याशिवाय सुरई पुरी होत नाही.

एवढ्यात गल्लीत हाक आली, "सुगडंऽऽ घ्या सुगडं!" कुंभारमावशी डोक्यावर पाटी घेऊन. ही बाई एका दारात मराठीत भाव सांगते, दुसऱ्यात कानडीत, मशिदीजवळ दखनीत, आणि घासाघीस मात्र तिन्ही भाषांत फेटाळते.

अक्का लगेच आत जाऊन लेकीचा मग घेऊन आल्या. "मावशे, हे बघ, आमच्या पोरीनं केलंय."

मावशीनं पाटी उतरवली, मग हातात घेतला, तळहातावर उपडा धरला आणि बोटाच्या पेरानं टक् टक् वाजवला. कान लावला. परत वाजवला. "भाजलंय बरं. आवाज साफ हाय. तडा असता तर बद्द वाजलं असतं." मग कड बोटानं चाचपली. "कडेला माती जादा ठिवली. ओठाला लागंल."

बस्स. पुण्याच्या सरांनी तीन महिन्यांत जे सांगितलं नव्हतं ते मावशीनं उभ्या उभ्या सांगितलं. वाजवून पाहणं हे या पेशाचं जुनं शास्त्र आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी वाजवली आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ही गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो. पण आमच्या भालकीचाही एक आहे. शरण कुंभार गुंडय्या याच गावचा म्हणतात. तो मडकं वाजवायला लागला की त्या तालावर शिव नाचायला यायचा, अशी कथा. हरिहर कवीनं त्याच्यावर कानडीत आख्खं रगळे-काव्य रचलं. एक वारकरी, एक शरण, दोघेही कुंभार. आणि भालकीत जन्मलेल्या किती जणांना गुंडय्या माहीत आहे? आम्ही मराठी गोरोबा सांगतो, कानडी शेजारी गुंडय्या सांगतात, भिंत तिथंही आहेच.

"मावशे, ह्यात पाणी गार व्हईल का?" अक्कांनी विचारलं.

"न्हाई व्हायचं. हे लई भाजलंय, काचंसारखं झालंय. पाणी पाझरंल तवा गार व्हईल ना."

बरोबर. पुण्याची भट्टी बाराशे अंशांच्या वर जाते, माती घट्ट बसते. मावशीचा आवा सातशे-आठशेपर्यंत. माती तळ्याची, त्यात राख आणि लीद. लीद जळून जाते आणि बारीक भोकं मागं राहतात, त्यातून पाणी झिरपतं, वाऱ्यावर उडतं आणि माठ गार होतो. आव्याला जळण म्हणून शेणी, पऱ्हाट्या आणि तुराट्या. कलबुर्गी म्हणजे तुरीचं कोठार, तिथल्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. डाळ आपण खातो, तुराट्या मावशीचा माठ भाजतात.

मी विचारलं, "मावशी, तुमच्यात आवा प्रत्येकाचा वेगळा?"

"पूर्वी आळीचा एकच लागायचा. जळण सगळ्यांचं, राखण सगळ्यांची. ज्याची भांडी वली त्याला म्हातारा आव्याजवळ फिरकू देत नव्हता."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. बँकेतल्या बाईंना इथं भालकीत पाठवायला हवं होतं.

"आन् चाक तुम्ही फिरवता का?" हा प्रश्न अक्कांचा.

मावशी हसली. "चाकाला बाईनं हात लावायचा न्हाई. गड्याचं ते. आम्ही माती आणायची, चाळायची, तुडवायची, थापायची, काव लावायची, भाजायची, डोक्यावर घेऊन इकायची."

"म्हंजे चाक सोडून सगळं!"

"सगळं. पर आता भावजयीची पोरगी फिरवती. करंटाचं चाक आलंय त्यांच्याकडं. बटण दाबलं की फिरतंय. आधी म्हातारी बोलली चार दिस, आता तिच्याकडनंच पणत्या करून घेती."

खादी आयोगानं २०१८ पासून कुंभारांना अशी विजेची चाकं द्यायला सुरुवात केली. दगडी चाक काठीनं गरगरा फिरवायला ताकद लागायची, हे सांगून बायांना लांब ठेवता यायचं. बटणानं ती सबब संपली. गंमत बघा, पुण्यात बारा बाया पैसे भरून ज्या चाकावर बसतात, त्या चाकाला शिवायला मावशीला जन्मभर मनाई. क्लासची फी हा थट्टेचा विषय नाही, थट्टा करायचीच तर या मनाईची करावी.

मी पाच सुगडं घेतली. अक्कांनी सवयीनं "दे की दहा रुपये कमी करून" असं म्हणायला तोंड उघडलं आणि हातातल्या मगाकडं बघून मिटलं. एका मगाला पोरीनं माती, भट्टी आणि फी मिळून किती मोजले ते त्यांना पाठ होतं.

मावशी पुढच्या दारी गेल्यावर मी म्हटलं, "अक्का, पोरीचे पैसे वाया गेले असं वाटतं का अजून?"

"न्हाई गं. मग बारका झाला तर झाला. पर एकीनं घाई केली की चौघींचं फुटतंय, एवढं तरी शिकली. आता ह्या गल्लीतल्या नळावर नंबर तोडणाऱ्यांसाठी असला एक क्लास काढा म्हणावं, फी मी भरते."