आजीला गप्प बसवू नका

अडीच वर्षांचं मूल बोलत नाही म्हणून नर्सरीतल्या बाई आईला बोलावून सांगतात, 'घरात मराठी बंद करा, दोन भाषांत त्याचा गोंधळ होतोय.' त्या संध्याकाळपासून आजी नातवाशी बोलायची थांबते, कारण तिला इंग्रजी येत नाही. आईबाबा 'कम, सिट, ईट'वर येतात. ज्याला शब्द कमी पडत होते, त्याच्या कानांवर पडणारे शब्दच आपण तोडले.

हा सल्ला साफ चुकीचा आहे. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं, याला संशोधनाचा आधार नाही. त्याचे शब्द दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे असतात. खरीच अडचण असेल तर ती दोन्हींत असते. मराठी हिरावून ती जात नाही.

आधी कान तपासा. कुकरच्या शिट्टीला दचकतो म्हणजे ऐकू येतं, असं धरून चालू नका. शिट्टी ऐकणाऱ्या मुलाच्या कानांतून 'स' निसटत असू शकतो.

मग स्पीच थेरपिस्ट. ते 'र' आणि 'ळ' घोटून घेतात एवढंच लोकांना ठाऊक. पण इतक्या लहान मुलाबाबत त्यांचं बरंचसं काम घरच्यांबरोबर चालतं. त्यानं डब्याकडे बोट दाखवलं की लगेच लाडू द्यायचा नाही. त्याच्याकडे बघत थांबायचं. 'लाडू' म्हणाला की आपण म्हणायचं, 'हो, मोठा लाडू.' ज्याला तोंडानं जमत नाही त्याच्या हाती चित्रांची पाटी देतात. पोटात दुखतंय हे त्याला आज सांगता यायला हवं. हे सगळं घरच्यांच्या तोंडी रुळलेल्या भाषेतच होतं.

'बापही उशिराच बोलला होता' म्हणत वेखंड उगाळण्यात वर्ष घालवू नका. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल तर उठा. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत आहे, आणि ऐकण्यातला दोष व भाषेचा विलंब दोन्ही त्याच्या यादीत आहेत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून याच कामासाठी उभी आहे.

जाताना आजीला बरोबर घ्या. दिवसभर मूल तिच्याजवळ असतं. थेरपिस्टला तिच्याशीच बोलायचं असतं.