घरकोंबडा

घराबाहेर पाय न टाकणाऱ्या माणसाला मराठीत घरकोंबडा म्हणतात. निवृत्तीनंतर हा शब्द बऱ्याच जणांना चिकटतो. त्यातले काही थोडे तो फारच मनावर घेतात आणि खरोखरच कोंबड्या आणतात.

असा माणूस ओळखायला सोपा. कराड, चिपळूण, सावंतवाडी अशा गावांच्या कडेला नोकरदारांच्या गृहनिर्माण संस्था असतात. दोन गुंठ्यांचा प्लॉट, पुढे तुळस, मागे परसात मोरीच्या पाण्यावर पोसलेली केळ आणि कढीलिंब. त्या केळीच्या आडोशाला जाळी, पत्रा आणि लिलावात मिळालेलं कचेरीतलं लोखंडी रॅक यांचं मिळून झालेलं खुराडं दिसलं, की समजावं : आत आठ-दहा कोंबड्या आहेत आणि बाहेर खुर्चीवर त्यांचे साहेब बसले आहेत. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथच्या नावावर लोकांचे पैसे बुडाले. तेव्हापासून ‘हा धंदा नाही, छंद आहे’ हे वाक्य असे साहेब कुणी न विचारताच सांगून टाकतात.

कराडकडचे आमचे काका आस्थापना शाखेतून निवृत्त झाले. बाकीच्या शाखा लोकांची कामं करतात किंवा करत नाहीत. आस्थापना शाखा त्या करणाऱ्या-न करणाऱ्यांच्या रजा, बदल्या, बढत्या आणि गोपनीय अहवाल सांभाळते. तेहतीस वर्षं काकांनी एकच सिद्धान्त चालवला : कचेरीत जे बिघडतं ते माणसाच्या स्वभावामुळे बिघडतं. अमका भांडखोर, तमका कामचुकार. १९९८च्या उन्हाळ्यात दोन कारकून पंख्याखालच्या टेबलावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तेव्हा काकांनी दोघांनाही ज्ञापन दिलं होतं आणि प्रकरण दप्तरी दाखल केलं होतं.

त्यामुळे कोंबड्या आल्या त्या हजेरीवहीसकटच आल्या. एकूण नऊ. चार गिरिराज, म्हणजे बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने परसातल्या पालनासाठी काढलेली जात, तीन गावठी, एक उघड्या मानेची, आणि २०१८ साली झाबुआच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालेल्या कडकनाथांपैकी एक. वहीत प्रत्येकीला एक पान. जन्मतारीख (अंदाजे), रुजू दिनांक, अंडी आणि शेवटी रुंद रकाना : वर्तणूक.

काकूंना वही लागत नाही. त्या पाटणच्या बाजूच्या. माहेरी कोंबड्या रात्री डालग्याखाली आणि दिवसा माणसांच्या पायांत असत. त्यांच्या लेखी या नऊ जणी म्हणजे काळी, तुरेवाली, बोडकी, लंगडी आणि ‘त्या बाकीच्या’.

पहिल्याच आठवड्यात तुरेवालीच्या पानावर शेरा पडला : उद्दाम. ती खाद्याच्या डब्याशी उभी राही आणि जवळ येईल तिच्या डोक्यात चोच हाणी. जिला बसे ती आपल्या खालचीला हाणी. असं करत करत शेवटी यायची बोडकी, जिला कुणीही यावं आणि टोचून जावं. जगात जिथे जिथे चार कोंबड्या एकत्र असतात तिथे हेच चालतं. नॉर्वेच्या थोर्लिफ श्येल्डरुप-एब्बे या गृहस्थाने लहानपणापासून कोंबड्या न्याहाळल्या, कोण कुणाला टोचतं याच्या नोंदी ठेवल्या आणि १९२२ साली त्यावर शोधनिबंध छापला. कचेरीतल्या वरच्या-खालच्या पायऱ्यांना इंग्रजीत आज जो शब्द लावतात तो या टोचाटोचीवरूनच आलेला आहे. काकांना हे वाचून ऊर भरून आला. म्हणजे ही तर सेवाज्येष्ठता यादी! फक्त इथे कुणी न्यायाधिकरणात जात नाही.

यादी एकदा ठरली की कोंबड्या फारशा भांडत नाहीत; नुसत्या मान उचलण्यावर भागतं. रक्त निघतं ते यादीत नवं नाव घुसलं की. काकांनी आठवडी बाजारातून एक कोवळी तलंग आणली आणि भर दुपारी, नवीन लिपिकाची ओळख करून द्यावी तशी, सगळ्यांच्या मधोमध सोडली. पाच मिनिटांत तिच्या तुऱ्यावर रक्ताचा ठिपका आला. आणि तांबडा ठिपका दिसला की ज्यांचं भांडण नव्हतं त्याही टोचायला धावतात. अमेरिकेत यावर उपाय म्हणून कोंबड्यांना चष्मे घातले जात. १९०३ साली टेनेसीतल्या एकाने त्याचं पेटंट घेतलं होतं. पुढे तांबड्या काचांचे चष्मेही निघाले, म्हणजे सगळं जगच तांबडं दिसावं आणि रक्त वेगळं उठून दिसू नये. काकांनी चष्म्याची चौकशी केली हे काकूंनी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. आम्हाला सांगितलं, ते वेगळं.

काकूंनी स्वतः तलंग उचलली, जखमेला हळद लावली आणि तिला जाळीपलीकडे आठ दिवस ठेवलं, दिसेल पण टोचता येणार नाही अशी. नवव्या रात्री अंधारात तिला दांडीवर इतरांच्या शेजारी नेऊन बसवलं. रात्री कोंबड्यांना धड दिसत नाही; सकाळी उठून बघतात तर ही इथलीच. आणि परसाच्या दुसऱ्या टोकाला काकूंनी खाद्याचा दुसरा डबा ठेवला. तुरेवाली दोन दिवस या डब्याकडून त्या डब्याकडे धावली, दमली आणि मग एकाच डब्याची मालकीण राहिली. बोडकी दुसऱ्या डब्यावर पोटभर खाऊ लागली.

वहीतला शेरा मात्र कायम राहिला. गोपनीय अहवाल असा डब्याने बदलत नसतो.

मार्चमध्ये लंगडीला ‘आकडी’ आली. कुशीवर पडून ती पाय झाडत होती, डोळे अर्धे मिटलेले, पिसं विस्कटलेली. काकांनी पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन लावला. काकूंनी येऊन पाहिलं आणि चुलीतली पाटीभर राख तिच्या खालच्या खळग्यात ओतली. कोंबडी आंघोळ करत होती. कोरड्या मातीत लोळून अंगावरच्या उवा-पिसवा झाडायच्या, ही कोंबड्यांची नेहमीची रीत.

पण काकांची खरी परीक्षा काळीने घेतली. मे महिन्यात ती खुडूक बसली. मराठीने हा शब्द फार सढळ वापरला आहे. धंदा खुडूक बसतो, योजना खुडूक बसतात, काही घरांत जावईही. कोंबडी मात्र कारण असल्याशिवाय बसत नाही. अंगातलं प्रोलॅक्टिन वाढतं, अंडी घालणं थांबतं, पोटाखालची पिसं विरळ होतात आणि ती एकवीस दिवसांच्या तयारीने ठाण मांडते. खाली अंडं असलंच पाहिजे असं नाही. काळी एका बटाट्यावर बसली होती. काकांनी बटाटा काढून घेतला तर ती नुसत्या जागेवर बसली. हात घातला की फुगून दुप्पट होई आणि असा आवाज काढी की काकांना एका जुन्या युनियन सेक्रेटरीची आठवण झाली. वहीत नोंद झाली : विनापरवाना गैरहजर. पांढरी लेगहॉर्न अशी बसत नाही, माणसाने निवडीनिवडीने तिच्यातून ती खोड जवळजवळ काढून टाकली आहे, असं कळल्यावर काकांना आपण भरतीच चुकीची केली असं वाटू लागलं.

सल्ला देणाऱ्यांची रांग लागली. दूधवाला म्हणाला, बादलीत बुडवा. शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणाले, नाकपुड्यांतून पीस ओवा, आमच्याकडे तसंच करतात. काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, “आधी तुमच्या नाकात ओवून बघू का?” विषय तिथेच मिटला. खुडूक मोडायची तर कोंबडीच्या पोटाला खालून वारा लागला पाहिजे. भाजीचा जाळीदार क्रेट दोन विटांवर ठेवायचा, वर झाकण, सावली, दाणा-पाणी, पण गवताची काडी नाही. तीन-चार दिवसांत बहुतेक जणी उठतात. काकूंनी क्रेट काढलाही. मग काळीकडे पाहिलं, काय वाटलं कुणास ठाऊक, आणि पाटणहून भावाकडून अकरा अंडी मागवली.

सातव्या रात्री काकांनी दिवे घालवून बॅटरीच्या उजेडात एकेक अंडं पाहिलं. नऊ अंड्यांत तांबड्या शिरांचं जाळं दिसलं, दोन कोरीच. एकविसाव्या दिवशी पहाटे काळीच्या पंखाखालून पहिलं डोकं बाहेर आलं. काका खुर्ची आणून तिथेच बसले, चहाही तिथेच. दुपारी वहीतली जुनी नोंद तशीच ठेवून त्यापुढे लिहिलं : सदर कालावधी प्रसूती रजा म्हणून धरण्यास कार्योत्तर मंजुरी.

पावसाळ्यात अंडी फुटायला लागली. सकाळी घरट्यात पिवळ्याचा ओघळ आणि टरफलाचे तुकडे. आपलीच अंडी कोंबडी खाते हे काकांना नैतिक अधःपतन वाटलं. प्राथमिक चौकशी झाली. चोचीवरच्या बलकावरून लंगडी सापडली. मग काकांनी जालीम उपाय योजला. एका अंड्याला सुईने भोक पाडून आतला बलक काढला, त्यात लवंगी मिरचीचं वाटण भरलं, भोक मेणाने बंद केलं आणि आडोशाला उभे राहिले. लंगडीने अंडं फोडलं, वाटण खाल्लं, चोच मातीला पुसली आणि आणखी आहे का म्हणून घरट्यात डोकावली. पक्ष्यांना मिरची झोंबतच नाही. तिखटपणा देणारं कॅप्सायसिन आपल्या जिभेला जसं पेटवतं तसं त्यांच्या मज्जातंतूंना जाणवत नाही. रानात मिरचीचं बी पसरवतात ते पक्षीच. त्या दिवशी भाजला तो काकांचा हात, आणि हात न धुता डोळे चोळल्यामुळे डोळेही.

काकूंनी उरलेलं एक अंडं अंगठ्याने दाबलं. कागदासारखं पिचकलं. कोंबडी दर अंड्याला साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम टरफलात घालते. ते पोटात गेलं नाही तर टरफल पातळ होतं, अंडं चुकून फुटतं, एकीला चव लागते आणि मग सवय. कुक्कुटखाद्याच्या दुकानातून शिंपल्याची भरड आली, ती वेगळ्या वाटीत ठेवली. घरट्यापुढे गोणपाटाचा पडदा आला, म्हणजे आत अंधार. अंडी दिवसातून दोनदा उचलायची. आणि गुरुजी सहलीला गेले तेव्हा सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या बाजारातून एक लाकडी अंडं आलं. लंगडीने त्यावर आठवडाभर चोच बडवली आणि नाद सोडला. महिन्याभरात अंडी फुटायची थांबली. तिच्या चारित्र्यात काही फरक पडल्याचं दिसलं नाही.

नऊ पिलांतला एक कोंबडा निघाला. पाच महिन्यांचा झाला आणि एका पहाटे पावणेचारला त्याने बांग दिली. गुरुजींनी संस्थेकडे लेखी अर्ज केला. काकांनी अर्जाची पोच दिली आणि रात्री कोंबड्यावर डालगं, त्यावर घोंगडी, त्यावर ताडपत्री अशी व्यवस्था केली. पावणेचारला ताडपत्रीखालून बांग आली, जरा घोगरी, इतकंच. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मराठी माणसाला ठाऊक असतं. कोंबडं गप्पही राहत नाही, हे २०१३ साली जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. त्यांनी कोंबडे सतत एकसारख्या मंद उजेडात ठेवले, तरी ते पहाटेच्या वेळेला आरवत राहिले. घड्याळ बाहेर नाही, अंगात आहे. त्याच संशोधकांनी दोन वर्षांनी आणखी एक गंमत सांगितली. चार कोंबडे एकत्र असले तर पहिली बांग सर्वांत वरच्या पायरीवरच्याची, बाकीचे पायरीनुसार मागोमाग. हे काकांनी वहीत लाल शाईने उतरून घेतलं.

फ्रान्समध्ये ओलेरॉं बेटावरच्या मॉरिस नावाच्या कोंबड्यावर शेजाऱ्यांनी खटलाच भरला होता. सप्टेंबर २०१९मध्ये निकाल मॉरिसच्या बाजूने लागला आणि २०२१ साली तिथल्या संसदेने खेड्यातल्या आवाजांना आणि वासांना संरक्षण देणारा कायदा केला. काकांनी ही माहिती गुरुजींना अर्जाच्या उत्तरात कळवली. काकूंनी वेगळं केलं. आरवताना कोंबडा मान ताठ वर ताणतो. रात्री त्याला बुटक्या छताच्या पेटीत ठेवलं तर बांग अर्धीच निघते. ती पेटी केली आणि दर रविवारी गुरुजींकडे सहा अंडी जाऊ लागली. फ्रान्सला जे संसदेत न्यावं लागलं ते कराडला अर्ध्या डझनात मिटलं.

गेल्या दिवाळीनंतर १९९८च्या त्या दोन कारकुनांपैकी एक जण मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. काकांनी त्याला आधी परसात नेलं. कोंबड्या दाखवल्या, वही दाखवली, तुरेवालीचं पान उघडून दाखवलं. म्हणाले, “फार भांडायच्या हो पहिल्यांदा. रक्त काढायच्या. मग दुसरा डबा ठेवला, तेव्हापासून बघा, एक तक्रार नाही.”

पाहुण्याने सुपारीचं खांड या गालातून त्या गालात नेलं. दोन्ही डब्यांकडे पाहिलं.

“साहेब,” तो म्हणाला, “आपल्या सेक्शनला पंखा एकच होता.”

काका काही बोलले नाहीत. आत गेले आणि वर्तमानपत्रात बांधलेली बारा अंडी घेऊन आले. पैशाला हात लावू दिला नाही. काकूंनी दारातूनच “बारा?” एवढंच विचारलं.

पाहुणा गेल्यावर ते पुन्हा खुर्चीवर बसले. वहीत तुरेवालीचं पान काढलं, ‘उद्दाम’ या शब्दावर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी, खाडाखोडीला लागते तशी, छोटी सही केली.