प्रश्न पडतो, विचारता येत नाही

मराठीत प्रश्न विचारणं फुकट आहे. 'तू येतोस' म्हणा, शेवटी आवाज चढवा किंवा 'का' चिकटवा, झालं काम! इंग्रजीत आधी 'डू' की 'डज' ते ठरवा, कर्त्याला मागे ढकला आणि 'डिड' आलंच तर 'वेन्ट'चं पुन्हा 'गो' करा. तोवर समोरच्याची बस निघून जाते. शेक्सपिअर 'डू' न लावताही खुशाल प्रश्न विचारायचा. त्याला स्पोकन इंग्लिशच्या क्लासची फी भरायची नव्हती. आपण ती भरून 'डू यू वॉन्ट सम टी?' घोटतो. अस्सल लंडनकर मात्र किटली उचलून नुसतं 'टी?' म्हणतो. पूर्ण वाक्याची जबाबदारी साहेब १९४७ साली जाताना बहुधा आपल्यावरच सोपवून गेला.