पापणी न लवता

डोळ्यांचा थकवा हा रोग नव्हे, कामाविरुद्धची तक्रार आहे. जवळचं पाहताना डोळ्यातल्या भिंगाभोवतीचा लहानसा स्नायू आवळावा लागतो. लांब पाहिलं की तो सैल पडतो. तासन्‌तास जवळचंच पाहत राहिलं की हा स्नायू दमतो. त्यातच पापण्या कमी लवतात आणि बुबुळावरचा अश्रूंचा पातळ थर सुकतो. मग जळजळ, खुपल्यासारखं वाटणं, कपाळ ठणकणं, संध्याकाळी अक्षरं पुसट होणं, मान-खांदे भरून येणं सुरू होतं. जालना जिल्ह्यात असे डोळे घरोघरी सापडतील. मोंढ्यात आकडे, लोखंडाच्या कारखान्यांत भट्ट्या, आणि 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी काढली तेव्हापासून बियाण्यांची नाजूक कामं. या तक्रारीची तपासणी साधारण अशी चालते.

मुनीम : डॉक्टरसाहेब, दिवेलागणीला डोळ्यांची नुसती आग होती.

डॉक्टर : काम काय करता?

मुनीम : अडतीवर हिशेब. आधी चोपडी होती, आता कॉम्प्युटर. पण हयगय नाही. डोळ्यात तेल घालून बसतो.

डॉक्टर : कसलं तेल?

मुनीम : अहो, बोलायची पद्धत हाय ती!

डॉक्टर : विचारावं लागतं, मुनीमजी. लोक मध घालतात, लिंबू पिळतात.

मुनीम : छे! मी फक्त गुलाबपाणी घालतो.

डॉक्टर : ते लग्नात पाहुण्यांवर शिंपडायचं. डोळ्यात घालायचं म्हणून जे बनवलेलं नाही, ते डोळ्यात घालायचं नाही. डोळे कोरडे पडलेत तुमचे.

मुनीम : कोरडे कामून? उलट पाणी गळतंय.

डॉक्टर : कोरडे पडले म्हणूनच गळतंय. बुबुळ चिडलं की डोळा एकदम पाणी सोडतो. टँकर कलंडला तर रस्ता भिजतो, कुणाचा रांजण भरत नाही, तसं. खरा ओलावा पापणी पसरवते.

मुनीम : आकड्यांवर नजर लागली की आपली पापणी लवत नाही. शेठ चार माणसांत सांगतात!

डॉक्टर : एरवी माणूस मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लववतो, पडद्यापुढे त्याच्या निम्मीही नाही. शेठ कौतुक करतात ते दुखण्याचं.

मुनीम : म्हणजे मी डोळेझाक करायची?

डॉक्टर : हिशेबात नको. डोळ्यांची करा, मुद्दाम, पूर्ण मिटून. आणि दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडे 20 सेकंद बघायचं.

मुनीम : 20 फुटांवर शेठची गादी हाय.

डॉक्टर : मग शेठकडे बघा.

मुनीम : एवढा वेळ बघितलं तर उचल मागायला उठला म्हणतील!

डॉक्टर : तर दाराबाहेर मोसंबीच्या गाड्या बघा. वय किती?

मुनीम : पंचेचाळीस. पावती वाचायला हात पुरंना झालाय.

ही चाळिशी. वयाबरोबर भिंग ताठर होत जातं आणि जवळचं पाहायला जास्त जोर लागतो. चष्मा टाळणारा माणूस तो जोर रोज लावत राहतो आणि संध्याकाळी कपाळ दाबत बसतो.

मुनीम : घरात सासऱ्यांचा चष्मा हाय.

डॉक्टर : सासऱ्यांची जमीन चालेल, चष्मा चालणार नाही. नंबर तपासून घ्या.

मुनीम : मग निळा उजेड अडवणारा घेऊ? दुकानदार लई गुण सांगत होता.

डॉक्टर : 2023 साली कॉक्रेन या संशोधन-संस्थेने 17 चाचण्यांचा आढावा घेतला. साध्या काचेपेक्षा त्या काचेने डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही दिसलं नाही. तेवढ्या पैशात खुर्ची बदला. पडदा हातभर लांब ठेवा, त्याची वरची कड नजरेच्या किंचित खाली असू द्या, खिडकी बाजूला घ्या. आणि कुलर तोंडावर नको.

मुनीम : मे महिन्यात?

डॉक्टर : पाठीवर घ्या.

एवढ्यात बाकावरच्या बाईला राहवत नाही. ती शेडनेटमध्ये क्रॉसिंगला जाते. मिरचीची कळी उमलायच्या आत चिमट्याने उघडायची, आतले परागकोश काढायचे, नर वाणाच्या फुलाचे पराग लावायचे, खूण बांधायची; मग पुढची कळी. सगळं वीतभर अंतरावर.

बाई : मी त्यो कॉम्प्युटर पाह्यला बी न्हाई. माझे कामून दुखतात?

डॉक्टर : डोळ्याला पडदा काय नि कळी काय, मावशी, दोन्ही जवळच.

बाई : मान वर केली की मुकादम वरडतो.

डॉक्टर : ओळ संपली की जाळीबाहेरच्या बांधाकडे बघायचं. आणि त्या हातांनी डोळे चोळायचे नाहीत. मिरची आणि फवारा दोन्ही असतात बोटांवर. आधी साबणाने हात धुवायचे.

बाई : मेडिकलवाल्यानं थेंब दिलेत. घातले की लगीच गार वाटतं.

इथे विनोद थांबतो. लाली झटक्यात घालवणाऱ्या काही थेंबांत स्टेरॉइड असतं. डॉक्टरच्या देखरेखीशिवाय ते महिनोन्‌महिने घातलं तर काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो. कोरडेपणाला कृत्रिम अश्रूंचे थेंब असतात, ते विचारून घ्यावेत. मिटल्या डोळ्यांवर गार पाण्याची स्वच्छ घडी ठेवली तरी बरं वाटतं.

मुनीम : नजर तर जाणार नाही ना, साहेब?

डॉक्टर : थकव्याने जात नाही.

थकव्यात न मोडणाऱ्या गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. वेल्डिंगचा झगमगाट उघड्या डोळ्यांनी पाहिला तर काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यात वाळू गेल्यासारख्या कळा येतात. नजर अचानक अंधुक होणं, समोर चमका दिसणं, लाल डोळ्यासह जोरात दुखून दिव्याभोवती रंगीत कडी दिसणं, यांवर विश्रांती हा उपाय नाही. त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठावा. जालना शहरात श्री गणपती नेत्रालय आहे.